शेवटची स्लाइड

कवडूकाका उभे राहिले तेव्हा मला वाटलं, ते पंखा बंद करा म्हणणार. जानेवारीची संध्याकाळ, नागपूरची थंडी, लोक मफलरी कानांवरून गुंडाळून बसलेले, आणि व्याख्यात्याचा मान म्हणून माझ्या डोक्यावर पंखा गरगरत ठेवलेला. खरं तर मीच तो बंद करायला सांगणार होते. पण डॉक्टरेट झालेल्या बाईनं पहिल्याच वाक्यात पंख्याची तक्रार करावी हे बरं दिसेना, म्हणून पदर घट्ट ओढून पाऊण तास कुडकुडत बोलले. म्हातारा उभा राहिला. दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवले, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे खोड नाही होय. हे मूळ हाय." एवढंच. आवाजात वाद नव्हता, हुशारी दाखवायची हौस तर नव्हतीच. तुझी चप्पल उलट्या पायात आहे, हे एखाद्याला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

लकडगंजच्या या वाचनालयात प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायचा शिरस्ता आहे. चिठ्ठी आधी अध्यक्षांकडे जाते. अध्यक्ष ती वाचतात, बरी वाटली तर वक्त्याकडे सरकवतात, नाही वाटली तर पाण्याच्या पेल्याखाली ठेवतात. आजचे अध्यक्ष भैयाजी, लाकडाच्या तीन टालांचे, म्हणजे वखारींचे, आणि एका आरा मशीनचे मालक. त्यांच्या पेल्याखाली आत्तापर्यंत सहा चिठ्ठ्या गेल्या होत्या. ते पुढं वाकून म्हणाले, "कवडूजी, चिठ्ठी द्या, चिठ्ठी." काका म्हणाले, "मले लिहिता येत नाही जी." "मंग बसा." लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, घरच्या माणसाला हसतात तसं होतं. काका काही बसले नाहीत, आणि मी पडद्याला टेकवलेली काठी तशीच धरून उभी राहिले. मागं प्रोजेक्टरपाशी रुपराव, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट, बटणावर बोट ठेवून माझ्या खुणेची वाट पाहत होते. आता फक्त एकच स्लाइड उरली होती. ती मी मुद्दाम प्रश्नांनंतर ठेवली होती, पंगतीत गोड शेवटी फिरवतात तशी. खरं सांगायचं तर त्या एका स्लाइडसाठीच मी हे व्याख्यान घेतलं होतं. नाहीतर लाकूड विकणाऱ्यांपुढं दगडातल्या लाकडाची कथा लावायला मी काही कीर्तनकार नव्हे.

पडद्यावर जे होतं ते माझं नऊ वर्षांचं काम होतं. छिंदवाड्याकडच्या एका नाल्यात मला हातभर लांबीचा दगड सापडला. एके काळी तो लाकूड होता. सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यात पडलं, कुजायच्या आत कणाकणानं दगड झालं. आम्ही अशा दगडाची चकती कापतो, काचेवर चिकटवतो, आणि मग ती घासत बसतो. रुपराव घासतात आणि मी घासते, दिवसाचे दिवस, खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं दगडातून वाचता येईपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते झाड दिसतं. त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, तंतू, वलयं, सगळं जसंच्या तसं. त्याच नाल्यातून आमच्या सरांनी माझ्या बारा वर्षं आधी एक झाड शोधलेलं होतं, त्याला नाव दिलेलं होतं. माझं झाड त्याच्यासारखंच, पण तीन बाबतींत वेगळं. नळ्यांची तोंडं मोठी. वलयं पुसट. तंतू कमी, म्हणजे लाकूड मऊ. या तीन फरकांवर मी म्हटलं, हे नवीन झाड आहे, आजवर कोणाला ठाऊक नसलेलं. सरांनी स्लाइडी पाहिल्या, मान डोलावली. खोडाच्या मधोमध असतो तो मऊ भेंड तुकड्यात नव्हता, तेव्हा तो तुटून गेला असावा असं मी एका ओळीत लिहून टाकलं. आणि आता लोकांचं हसू विरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात, मूळ हा एक शब्द कानात पडल्याबरोबर, ते तिन्ही फरक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुळाच्या नळ्या मोठ्या असतात. मुळाची वलयं पुसट असतात. मुळात तंतू कमी असतात. मुळाला मधोमध भेंड नसतो. हे मी दरवर्षी बी. एस्सी.च्या पोरींना फळ्यावर लिहून देते, आणि परीक्षेत चुकलं तर मार्क कापते.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, नऊ वर्षांत तिच्या लक्षात कसं आलं नाही? तर ते असं आहे. आम्ही लोक झाड कधी बघतच नाही. आम्ही नखाएवढी चकती बघतो. मी त्या दगडाच्या एकवीस चकत्या कापल्या, एकवीसही पाठ केल्या, मध्यरेषेपासून किती अंतरावर किती नळ्या हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. उरलेला तुकडा नंबर टाकून ड्रॉवरमध्ये गेला. तो सबंध हातात घेऊन, फिरवून, ही वस्तू मुळात कशी होती हे पाहायचं आमच्या शास्त्रात कोणी शिकवत नाही. आज मात्र लोकांना काहीतरी हाताळायला द्यावं म्हणून तो तुकडा मी कापडात बांधून आणला होता. व्याख्यान चालू असताना तो ओळीओळीतून फिरला. बायांनी त्याला हात लावून नमस्कार केला. एका व्यापाऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, घनफुटाला काय भाव? कवडूकाकांपाशी मात्र तो अडकला. मागची ओळ कुरकुरायला लागली तरी त्यांनी तो सोडला नव्हता, ते मी बोलता बोलता पाहिलं होतं, आणि मला बरंही वाटलं होतं. म्हटलं, बघा, विज्ञान गरिबाच्या हातात कसं पोचतं.

कवडूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे जोडीदार. मशीन यायच्या आधी या टालांवर लाकूड माणसं कापत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, खाली खड्डा. एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात, मधे दीड पुरुष लांबीची करवत, म्हणजे आरा. वरचा काव लावलेल्या सुतानं रेघ मारतो आणि आरा रेघेवर ठेवतो. खालचा ओढतो. कापतो तो खालचाच, पण लाकूड सरळ उतरलं तर शाबासकी वरच्याला. आणि भुसा सगळा खालच्याच्या अंगावर. कवडूकाका वर होते, बाबा खाली. तीस वर्षं. बाबा संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, कानातले केससुद्धा लाकडाच्या रंगाचे असत. सागवान कापलं त्या दिवशी पिवळट, बिजा कापला की तांबूस. आई दारातच पाणी देई, आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्या अंगावरून ओळखायचे, आज कोणतं लाकूड होतं. बाबा म्हणत, "सांग बरं गोपी, आज कोण भेटलं मले?" मी नाक त्यांच्या मनगटाला लावायचे आणि म्हणायचे, "हळदू." बहुतेक वेळा बरोबर यायचं. वनस्पतिशास्त्राचा माझा अभ्यास तिथं सुरू झाला, हे मी कुठल्याच अर्जात लिहिलेलं नाही.

अर्जात काय, कुठंच नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी डबा विसरले होते. प्रॅक्टिकल दुपारभर चालायचं. बाबा टालावरून घरी जाऊन, डबा घेऊन, सायकलनं कॉलेजात आले. नळावर तोंड धुऊन आले होते, भुवयासुद्धा ओल्या होत्या, पण मानेवर भुसा तसाच होता आणि बंडीचा रंग काही धुता येत नाही. माझ्या शेजारी पुष्पलता उभी होती, रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची मुलगी. पांढरा एप्रन, केसांत मोगरा. तिनं सहज विचारलं, "कोण गं?" आणि मी म्हणाले, "आमच्या टालावरचे आहेत." आमच्या! खोटं बोलायचं तर त्यातही मालकी पाहिजे होती मला. बाबा चार हातांवर होते. ऐकू गेलं की नाही, याचा मला क्षणभरसुद्धा संशय घेता आला नाही, कारण ते पुढं आले, डबा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "घ्या ताई. घरून पाठवला." ताई म्हणाले. स्वतःच्या पोरीला. आणि मान खाली घालून, अगदी टालावरच्या माणसानं जावं तसे गेले. घरी कधी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी डबा मी विसरले नाही, त्यानंतर कधीच विसरले नाही. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं.

बाबांना जाऊन आता अडीच वर्षं झाली. नवीन झाडाला नाव द्यायचा हक्क शोधणाऱ्याचा असतो. लोक गुरूचं नाव देतात, गावाचं देतात. मी बाबांचं दिलं. नत्थूजी या नावाला मागून लॅटिनचं शेपूट लावलं की ते जगातल्या कुठल्याही पुस्तकात जाऊन बसतं आणि तिथून त्याला कोणी उठवू शकत नाही. कागदावर ते प्रथम लिहिलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. माझ्या मनात हिशेब सरळ होता. बोललेलं खोटं फार मोठं आहे, तर त्याला पुरून उरेल असं खरं लिहून ठेवायचं. निबंध मासिकानं स्वीकारला. छपाईचं प्रूफ मागच्या आठवड्यात आलं, ते माझ्या पर्समध्ये होतं, सोमवारी परत धाडायचं होतं. आणि त्याआधी मला ते नाव इथं सांगायचं होतं, लकडगंजात, जिथं त्यांना नुसतं 'नत्थ्या, खाली उतर' म्हणत, त्या माणसांपुढं. शेवटच्या स्लाइडवर मी ते मोठ्या देवनागरी अक्षरांत काढून घेतलं होतं, खाली लॅटिनमध्ये बारीक. भैयाजींनी माझी ओळख करून देताना "आपल्या नत्थूची पोरगी" म्हटलं होतं, तेव्हा मी मनात म्हणाले होते, थांबा, तासाभरानं तुम्ही जी लावून म्हणाल.

"मॅडम," भैयाजी माझ्या बाजूला झुकून म्हणाले, "म्हाताऱ्याचं मनावर नका घेऊ. पुढं घ्या तुम्ही." मागून रुपरावांनी खाकरून दाखवलं. त्यांचं बोट अजून बटणावर होतं. मी त्या एका मिनिटात काय काय विचार केला ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी विचार केला की हे कोणाला कळणार नाही. या हॉलमध्ये माझ्या विषयाचं एकही माणूस नाही. सरांचे डोळे आता अधू झालेत. हिंदुस्थानात हे काम करणारे पंधरा-वीस लोक, त्यातले कोणी माझ्या स्लाइडी मागवून पाहतील तर वीस वर्षांनी, आणि तेव्हा मी असेन-नसेन. वीस वर्षं बाबांचं नाव पुस्तकात राहील. वीस वर्षं काय कमी आहेत? तीस वर्षं त्यांनी भुसा खाल्ला. मी असंही मनाशी म्हणाले की अडाणी माणसाला दगडातलं काय कळतं, आणि ते म्हणत असतानाच मला कळलं की हे वाक्य कोणाबद्दल आहे. ते जसं कवडूकाकांबद्दल आहे तसंच माझ्या बाबांबद्दलही आहे. मी त्यांना पुन्हा एकदा टालावरचे आहेत म्हणत होते. माझे कान गरम झाले, एवढ्या पंख्यातही.

"काका," मी म्हणाले, "मूळ काहून म्हणता?" काहून हा शब्द माझ्या तोंडून पंचवीस वर्षांत कुठल्याही व्यासपीठावरून निघाला नव्हता. काका जरा गोंधळले, एवढा मान त्यांना अपेक्षित नसावा. मग हात वर करून हवेतच ते लाकूड दाखवू लागले. "खोडाले वरून भार असते ना बाई, ते घट्ट होत जाते. मुळाले पाणी प्याचं काम. त्याची भोकं मोठी राहतात. तुम्ही फोटोत दाखवली ना, तशी. अन् तो दगड पाहा. त्याची नस कशी लचकून गेली हाय. काही आडवं आलं तर मूळ त्याले वळसा घेते. खोड काहून वळसा घेईन? त्याले वर सारं आभाळ मोकळं." कोणीतरी टाळी वाजवली. मी फिरून मेजावर परत आलेला तुकडा उचलला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो लांबीतून पाहिला. लाकडाच्या तंतूंची ती नस वळली होती. आंधळ्यालाही कळली असती अशी वळली होती. मी म्हणाले, "काका बरोबर म्हणतात. हे मूळ आहे. म्हणजे हे नवीन झाड नाही, आमच्या सरांनी आधीच शोधलेल्या झाडाचं हे मूळ असणार. मी पाऊण तास तुम्हाला चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे." मग रुपरावांकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, बंद. त्यांना समजलं नाही. मी पुन्हा खूण केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हातातलं बाळ खाली टाकत होते, आणि मग दिवा मालवला.

त्यानंतर शाल झाली, नारळ झाला. अध्यक्षीय समारोपात भैयाजी म्हणाले की दगडातलं लाकूड विकता येत नाही, नाहीतर आपण आजच टाल टाकला असता. त्यावर सगळ्यात मोठा हशा मिळाला. मी हसले की नाही आठवत नाही. माझ्या आत एक जागा रिकामी झाली होती आणि मी सारखी तिथं जाऊन पाहत होते. दुःख होतं, पण ते निबंध बुडाल्याचं नव्हतं. निबंध काय, आणखी होतील. बाबांना मी पुन्हा दारातून परत पाठवलं असं वाटत होतं. एकदा कॉलेजात भीतीनं, आणि आता खरं बोलायच्या नादात. खरं बोलणंसुद्धा इतकं वाईट लागतं, हे शाळेत सांगायला पाहिजे होतं.

लोक पांगले. वाचनालयाच्या मागच्या खोलीत चहा होता. कवडूकाका बाकावर, बशीत ओतून घेत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. जवळून पाहिलं तर किती म्हातारे झाले होते. हाताच्या शिरा वर आलेल्या, डोळ्यांत राखाडी साय. म्हणाले, "रागावली तर नाही ना वं गोपिका? माह्या तोंडून निंघून गेलं." मी म्हणाले, "नाही काका." तेवढ्यात रुपराव प्रोजेक्टरची पेटी घेऊन आले. ती त्यांनी जोरात खाली ठेवली. रुपराव कमी बोलणारा माणूस. पण तो दगड निम्मा त्यांच्या हातांनी घासला होता, त्यांचाही जीव त्यात होता. म्हणाले, "कवडूजी, तुम्ही काय करून बसले मालूम आहे का? एक स्लाइड राह्यली होती. त्या झाडाले मॅडमनं वडिलांचं नाव देल्लं होतं. नत्थूजींचं. साऱ्या दुनियेत जाणार होतं ते. गेलं आता." मी म्हटलं, "रुपराव, पुरे." पण ते सांगून झालं होतं.

काकांनी बशी खाली ठेवली. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि एकदम भराभर बोलायला लागले, मला बोलू न देता. "तसं नाही होय बाई. मी चुकलो असन. मले दिसते काय आता? मोतीबिंदू हाय दोन्ही डोळ्यांत. धंतोलीच्या डॉक्टरनं सांगतलं, फागुनात कापू म्हणून. पडद्यावरचं मले काय दिसन? अन् थंडीनं हात बधिर झाले होते. खोडच हाय ते. खोडच. तू लिहून टाक आपलं." हा माणूस आयुष्यात लाकडाबद्दल एक शब्दही खोटा बोलला नव्हता. भैयाजींच्या वडिलांनी आडजात लाकूड सागवान म्हणून खपवायला सांगितलं तेव्हा आरा टाकून घरी निघून गेलेला हा माणूस, आणि बाबा त्याच्या मागोमाग. महिनाभर दोन्ही घरी चूल कशी पेटली ते आईला ठाऊक. तो माझ्यासमोर बसून खोटं बोलत होता, वाईट बोलत होता, सवय नसलेल्या माणसासारखं. मला इतकं भरून आलं की मी त्यांचा हात धरला. असं खोटं माझ्यासाठी कोणीतरी पूर्वीही बोललेलं होतं.

"काका," मी म्हणाले, "सोमवारी मी मासिकाला पत्र धाडते. निबंध परत घेते. ते ठरलं." ते म्हणाले, "नको ना वं. मी तीस वर्षं वर उभा राह्यलो. माह्या आऱ्याचा भुसा त्याच्या डोळ्यांत गेला. कधी म्हटलं नाही मी, की नत्थू, तू वर ये, मी उतरतो. एक दिवस म्हटलं नाही. अन् आता त्याचं नाव वर जाऊन राहिलं होतं, तं तेही मीच खाली ओढलं." रुपराव दाराशी गेले आणि उगाचच बाहेर पाहत उभे राहिले.

मी पिशवीतून तो तुकडा काढला, कापड सोडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. ते हात लावायला तयार होईनात. मी त्यांचे दोन्ही हात उचलून त्यावर ठेवले. मग काय, हातांना कुठं थांबवता येतं? अंगठा आपोआप नसेवरून निघाला, वळणापाशी अडला, पुन्हा मागं आला, पुन्हा गेला. जन्मभर लाकडावर फिरलेले हात, त्यांनी लाकूड सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं. मी म्हणाले, "सांगा काका. बाबांना स्मरून सांगा. खोड की मूळ?" त्यांनी डोळे मिटले. ओठ एकदा हलले. मला वाटलं, आता पुन्हा खोटं बोलतील, आणि बोलले असते तर मी रागावले नसते. शेवटी ते म्हणाले, "मूळ हाय, पोरी." आणि लहान मुलासारखं नाक ओढलं.

"बाबा असते तर काय म्हणाले असते?" मी विचारलं. कशासाठी विचारलं कोण जाणे; सुटका पाहिजे होती बहुतेक. काका डोळे पुसत म्हणाले, "नत्थूले माह्यापेक्षा जास्त समजे. मले वरून नुसती रेघ दिसे. लाकूड आतून कसं हाय ते खालच्यालेच समजते, आरा कुठं जड होते ते त्याच्याच खांद्यात येते. त्यानं हातात घेतल्याबरोबर सांगतलं असतं." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, काही मनात न ठेवता त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं हा दगड तुह्यापाशी होता. नत्थूले दाखवला नाही का वं तू?"

नव्हता दाखवला. साडेसहा वर्षं तो ड्रॉवरमध्ये होता आणि बाबा घरी होते, काम सुटलेलं, दिवसभर अंगणात बसून, कोणी काही विचारेल म्हणून वाट पाहत. ते मला विचारायचे, "गोपी, आज कोण भेटलं तुले?" तेच, पूर्वी मी मनगट हुंगायचे तेव्हाचं. आणि मी म्हणायचे, "तुम्हाला नाही कळायचं बाबा, ते दगडाचं असतं." मी त्यांना नाव द्यायला निघाले होते, साऱ्या दुनियेत जाणारं. पण दगड त्यांच्या हातात द्यायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. "नाही काका," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत जे रडू दार लावून रडले होते ते आता उघड्या दारात, भैयाजींच्या चहाच्या कपांसमोर आलं, आणि मी ते येऊ दिलं.

काकांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, गप गप म्हणाले नाहीत. दगड कापडात नीट गुंडाळला, गाठ मारली, गाठ घट्ट बसली का पाहिलं. मग म्हणाले, "असे आणखी हायत का तुह्यापाशी?"

"आहेत."

"किती?"

"बेचाळीस."

"मंग आण ना वं," ते म्हणाले. "मी हाय अजून."